कामापूर्वींचे चार शब्द

पाळी सुरू होण्यापूर्वीं सर्व मंडळींनीं एकत्र जमून हातीं घ्यावयाच्या कामाविषयीं चार शब्द बोलावे, ही चाल आतां कारखान्यांप्रमाणें शस्त्रक्रियागृहांतहि रूढ झाली आहे. व्यवहारदक्ष गृहस्थ तीस हंसतात. ज्याला त्याला आपापलें काम ठाऊक असतांना हा बोलघेवडेपणा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल वाजवी आहे; उत्तर मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं १९ कलमांची एक यादी तयार केली. रोग्याच्या अंगास शस्त्र लावण्यापूर्वीं शल्यवैद्य, भूल देणारा वैद्य व परिचारिका यांनीं क्षणभर थांबावें. प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावें. रोगी कोण, शस्त्र कोठें चालवावयाचें आणि धोका कोणता, हें मोठ्यानें बोलून घ्यावें, असें तींत सांगितलें आहे. दिल्लीच्या एका रुग्णालयासह जगांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हां मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतांतील १०१ रुग्णालयांनीं अशाच याद्या स्वीकारल्या. पण २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत तेथें म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

या अंतराचीं कारणें तज्ज्ञ अनेक सांगतील. मला त्यांत एक जुनाच नैतिक प्रश्न दिसतो. नांव सांगितल्यानें माहितींत भर ती काय पडणार? पण जी परिचारिका एकदां सर्वांदेखत बोलली, तिला पुढें चूक दिसतांच 'थांबा' म्हणण्याचें धैर्य येतें. म्हणजे अशा बैठकीचा खरा उपयोग वरिष्ठानें सांगण्यांत नसून कनिष्ठाचें ऐकून घेण्यांत आहे. वरिष्ठाची नजर घड्याळाकडे असेल, तर एकोणीसहि कलमांवर खुणा पडतील आणि शंका मनांतल्या मनांत राहील.

हें दुसऱ्यास शिकविणें सोपें आहे. मी स्वतः तीस वर्षें तास संपतांना "कांहीं शंका?" असें विद्यार्थ्यांस विचारीत आलों, आणि विचारतांनाच पुस्तक मिटीत आलों. मुलें गप्प राहत. त्या मौनाचा अर्थ त्यांना सारें समजलें असा मी करीत असें. पाळीपूर्वींचीं दहा मिनिटें मजुरींत न धरणारा मालकहि निराळें कांहीं करीत नाहीं. तो कामगारांस बोलावयास सांगतो, आणि त्या बोलण्याला किंमत नाहीं हेंहि त्याच वेळीं दाखवितो.

तेव्हां बैठक भरवावी कीं नाहीं, हा प्रश्न दुय्यम आहे. सर्वांत खालच्या माणसानें 'थांबा' म्हटलें, तर आपण खरोखर थांबणार आहों काय, हें बैठक बोलावणारानें प्रथम स्वतःस विचारावें. उत्तर नकारार्थी असेल, तर व्यवहारदक्ष गृहस्थांचेंच म्हणणें मान्य करून सरळ कामास लागलेलें बरें. निदान ऐकून घेतल्याचें सोंग तरी टळेल.