उतरणारं अवधाण

पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, आणि आठवड्याभरात उतरतं. येतं तेव्हा घरभर चर्चा होते, उतरताना कुणाचं लक्ष नसतं. मला मात्र कोडं पडतं ते उतरण्याचं. जंतूंशी लढायला गाठीत बी-पेशींची एवढी फौज उभी राहिली होती, ती गेली कुठे?

ती मेली. बहुतेक पेशी आपापल्या आत ठरल्याप्रमाणे, गाजावाजा न करता मेल्या. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी अशा मरणाला ‘अ‍ॅपॉप्टॉसिस’ हा ग्रीक शब्द वापरला. त्याचा अर्थ पानगळ. पान वारा तोडत नाही. झाडच देठाशी आधी एक थर धरतं आणि पान सोडून देतं.

ही पानगळ स्लाइडवर दिसते. निरोगी लसीकाग्रंथीवर बीसीएल-२ हे प्रथिन दाखवणारा रंग चढवला, की पेशींच्या गोलाकार वस्तीची कड तपकिरी होते आणि आतला भाग निळसर राहतो. आत पेशींची परीक्षा चाललेली असते. जंतूला घट्ट धरणारी पेशी तगते, बाकीच्यांना जावं लागतं. म्हणून जगवणारं हे प्रथिन तिथे बंद असतं. मेलेल्यांचे तुकडे पोटात घेतलेल्या मोठ्या भक्षक पेशी मधूनमधून दिसतात. फॉलिक्युलर लिम्फोमा या बी-पेशींच्या कर्करोगात बहुधा तोच गोल आतपर्यंत तपकिरी होतो, आणि भक्षक पेशी विरळ होतात. उचलायला फारसं कुणी मेलेलंच नसतं.

हा घोटाळा आधीच अस्थिमज्जेत झालेला असतो. प्रतिपिंडं घडवायची तर बी-पेशीला आपलीच जनुकं कापून नव्याने जोडावी लागतात. त्या कापाकापीत अठराव्या गुणसूत्राचा, बीसीएल-२ चं जनुक असलेला तुकडा चौदाव्याला चिकटतो, आणि प्रतिपिंडांसाठी सतत चालू असणारी कळ बीसीएल-२ च्या हाती येते. आपलं रक्षण करणाऱ्या कारागिरीतच ही चूक दडलेली असावी, याचं मला फार वाईट वाटतं.

१९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉ आणि सहकाऱ्यांनी हे जनुक घातलेल्या पेशींना तगवणारा वाढीचा घटक काढून घेतला. पेशी मरायला हव्या होत्या. त्या मेल्या नाहीत, आणि वाढल्याही नाहीत. नुसत्या राहिल्या. कर्करोग म्हणजे बेफाम वाढ, ही समजूत त्या नुसत्या राहण्याने बदलली.

तरी गुणसूत्रांची ही जोडणी म्हणजे आजार नव्हे. अनेक धडधाकट प्रौढांच्या रक्तात अशा मोजक्या पेशी आयुष्यभर निमूट फिरतात. उलट, दीर्घकालीन लसीका-रक्तकर्करोगात ही जोडणी सहसा नसते, तरी प्रथिन भरपूर असतं. पुष्कळदा तेराव्या गुणसूत्रावरचे दोन सूक्ष्म आरएनए हरवलेले असतात, आणि त्यांच्याबरोबर प्रथिनावरचा लगामही. कधी जोडणी असून स्लाइड कोरीच राहते, कारण बदललेलं प्रथिन तपासणीच्या प्रतिपिंडाला ओळखू येत नाही. म्हणून एका रंगावर निदान करू नये.

२०१६ साली अमेरिकेत मान्य झालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ च्या खोबणीत बसतं आणि तिथे अडकलेल्या मृत्यूच्या प्रथिनांना मोकळं करतं. जिथे हे जनुक सापडलं त्या फॉलिक्युलर लिम्फोमात ते एकट्याने फारसं पुरत नाही. दीर्घकालीन लसीका-रक्तकर्करोगात मात्र पेशी इतक्या झपाट्याने मरू शकतात, की सुरुवात २० मिलिग्रॅमने करून मात्रा पाच आठवड्यांत ४०० पर्यंत पायरीपायरीने चढवतात. एवढं मरण एकदम मूत्रपिंडांना झेपत नाही.