खाण तशी माती?

जालना एमआयडीसीत रोलिंग मिलवर काम करणारा माझा चुलतभाऊ परवा म्हणाला, "तुझं डोकंच वेगळं रे. खाण तशी माती." आमचे आजोबा एकच, म्हणजे खाणही एकच. पण कौतुक कुणाला नको असतं? मी गप्प बसलो.

जालन्यात बियाण्यावर फार विश्वास. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच 'महिको' सुरू केली. योगायोग असा, की त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हिस्टोन प्रथिनांना ॲसिटाइल गट चिकटले, की आरएनए बनण्यातला त्यांचा अडथळा कमी होतो.

आपल्या पेशीतला सुमारे २ मीटर डीएनए आठ-आठ हिस्टोनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनच्या शेपटीवर धन प्रभार, डीएनएवर ऋण, म्हणून पकड घट्ट. ॲसिटाइल तो धन प्रभार घालवतो, पकड सैल होते, जनुक वाचलं जातं. मिथाइलचं मात्र तसं सरळ नाही. तो कुठे बसला यावर चालू की बंद ते ठरतं. या खुणा पुसणारी विकरंही असतात. डीएनए तोच, पण कुठे यकृत होतं, कुठे मेंदू.

भट्टीची धग भावाच्या जनुकांवर लिहिली गेली, असं म्हणणं मात्र थाप ठरेल. मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आत असणं आणि वाचलं जाणं, या दोन गोष्टी आहेत. दहावीनंतर आमच्या एकत्र घरात एकाच्याच क्लासची फी निघत होती. ती माझी भरली. त्याचं पान कुणी उघडलंच नाही.

मग माझ्या पगारातलं 'माझं' किती? हे त्याला त्याच दिवशी विचारायला हवं होतं. मी पाळीची वेळ विचारली.