वायूपेक्षा देश भारी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात, गंगेच्या काठी कांपिल्य नगरीच्या परिसरात, अग्निवेश हा शिष्य आपले गुरू पुनर्वसु आत्रेय यांना एक प्रश्न विचारतो. माणसांच्या प्रकृती निराळ्या, आहार निराळे, वये आणि देहबळ निराळे. असे असताना एकाच वेळी एकाच रोगाने सबंध जनपद, म्हणजे एका प्रदेशातील सारी वस्ती, उद्ध्वस्त कशी होते? आत्रेयांच्या मते व्यक्तिव्यक्तींत कितीही भेद असले तरी वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात, आणि तेच बिघडले की प्रकृतीचा भेद कोणाला वाचवत नाही. येथे देश या संज्ञेने माणूस जेथे राहतो ती भूमी आणि तिचा परिसर अभिप्रेत आहे. या चौघांची प्रतवारी लावताना वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल अधिक भारी मानला आहे, कारण जे टाळणे जितके दुष्कर, तितके त्याचे बिघडणे गंभीर. दम्याचे ओझे एकाच शहरातील वस्त्यावस्त्यांवर इतके असमान का पडते, या आजच्या प्रश्नाला भिडताना ही प्रतवारी फार मोलाची ठरते.

दमा हा श्वासनलिकांच्या चिरकालीन दाहाचा विकार आहे. नलिकांचे अस्तर सुजलेले असते, आणि धूर, धूळ, परागकण किंवा बुरशी यांचा संपर्क होताच भोवतीचे स्नायू आवळले जाऊन छातीत घरघर सुरू होते. चरकांनी वर्णिलेल्या तमकश्वासात रुग्णाला आडवे पडवत नाही, बसल्यावरच थोडा आराम मिळतो. आणि श्वासरोगाच्या कारणांत धूळ व धूर यांचा उल्लेख तेथेही आहे. आनुवंशिकतेचा वाटा खराच. पण ती वस्तीच्या सीमा ओळखत नाही, आणि दम्याची तीव्रता मात्र त्या सीमांनुसार बदलते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेत सापडते. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या गृहकर्जविषयक सरकारी महामंडळाने त्या दशकाच्या उत्तरार्धात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करवून घेतले आणि प्रत्येक वस्तीला कर्जाच्या सुरक्षिततेनुसार हिरवा, निळा, पिवळा किंवा लाल रंग दिला. लाल म्हणजे धोकादायक. नकाशासोबतच्या छापील पत्रकात घरांच्या वयाची आणि दुरुस्तीची नोंद होई, तशीच वस्तीत कृष्णवर्णीय किती आणि कोणाचा ‘शिरकाव’ होत आहे याचीही. लाल वस्त्यांत कर्ज मिळणे दुरापास्त झाले, घरे दुरुस्तीविना राहिली, जमिनीचे मोल घसरले, आणि जेथे जमीन स्वस्त व विरोध दुबळा तेथेच पुढे महामार्ग, मालमोटारींचे तळ आणि कारखाने आले. १९६८ च्या कायद्याने घरांबाबतचा असा भेदभाव बेकायदा ठरवला. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील आठ शहरांच्या अभ्यासात, एकेकाळच्या लाल वस्त्यांतील लोकांना दम्यासाठी तातडीच्या उपचार विभागात जावे लागण्याचे प्रमाण उत्तम श्रेणीच्या वस्त्यांच्या २.४ पट आढळले. ज्यांनी रंग भरले ते बहुधा हयात नाहीत, आणि आज ज्या मुलाला धाप लागते त्याचे आजी-आजोबाही तेव्हा बहुधा जन्मले नव्हते.

घराच्या आतली स्थिती वेगळी नाही. गळक्या नळामागची ओल, भिंतीवर चढलेली काळी बुरशी, फटींतून येणारी झुरळे यांचा दम्याशी संबंध पक्का आहे. अमेरिकेतील गरीब शहरी वस्त्यांतील दमेकरी मुलांविषयी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना झुरळांची अॅलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचे अंशही मोठ्या प्रमाणावर होते, त्या मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक निघाले. अशा वेळी आईने घर स्वच्छ ठेवावे, हा उपदेश सहज केला जातो. पण भाडेकरू फरशी कितीही पुसो, सामाईक भिंतीतली गळती थांबवणे तिच्या हाती नसते.

उपदेशाने भागले नाही की प्रारब्ध पुढे केले जाते. ज्याचे भोग त्याने भोगावेत, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे, पण तिला विरोधही तितकाच जुना आहे. संयुत्त निकायात मोलिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की सारी सुखदुःखे पूर्वकर्मामुळेच येतात, हे खरे काय. बुद्ध वेदनेची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुपालट, विषम वर्तन आणि आघात यांनंतर कर्मविपाक हे केवळ आठवे, आणि सर्व भार त्या एकावर टाकणारे आपल्या अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे धावतात, असे ते स्पष्ट म्हणतात. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच धागा पुढे नेला: पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त राज्याला आणि समाजाला दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी झटकू देतो. दम्याच्या बाबतीत ही टीका अक्षरशः लागू पडते.

चरकांच्या अध्यायातही वायू आदी बिघडण्याचे मूळ अधर्म आणि पूर्वीचे असत्कर्म असे सांगितले आहे. परंतु तो अधर्म कसा पसरतो हे सांगताना बोट आधी राज्यकर्त्यांकडे जाते, मग त्यांच्या आश्रितांकडे, मग नगरवासी आणि व्यापाऱ्यांकडे. म्हणजे अधर्म येथे कारभारात वसतो. राजकीय तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी, त्यांच्या निधनानंतर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, अशाच स्थितीला संरचनात्मक अन्याय म्हटले आहे: अनेकांच्या नेहमीच्या, बहुधा कायदेशीर वागण्यातून काहींचे जगणे सतत धोक्यात राहणे. त्यांच्या मते येथे दोषी शोधण्यापेक्षा, त्या व्यवस्थेत सहभागी असलेल्या सर्वांनी ती बदलण्याची जबाबदारी घेणे महत्त्वाचे. हे बरोबर आहे, पण अपुरे आहे. नकाशाला कोणीतरी रंग दिला होता, आणि सर्वांच्या जबाबदारीत त्याचा दोष विरून जाऊ देणे हाही अन्यायच.

मुंबईतील माहुल हे याचे जवळचे उदाहरण. तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांसाठी इमारती उभ्या राहिल्या, आणि तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर तेथील कुटुंबांना तिकडे धाडण्यात आले. परिसरातील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवले होते. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, तेथे न राहू इच्छिणाऱ्या कुटुंबांना दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. येथे देश केवळ टाळता न येणारा नव्हता, तो नेमून दिलेला होता.

देश पालटला तर काय होते, याचे उत्तर बाल्टिमोरहून मिळते. गरीब वस्तीतून कमी दारिद्र्याच्या भागात घर घेण्यास मदत मिळालेल्या कुटुंबांतील १२३ दमेकरी मुलांच्या अभ्यासात, २०२३ मध्ये, स्थलांतरानंतर दम्याचे तीव्र झटके जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले, आणि या सुधारणेत भयमुक्तीचा, शेजाराविषयी वाटणाऱ्या विश्वासाचाही वाटा होता. मूल तेच, प्रकृती तीच आणि पूर्वकर्म मानायचेच तर तेही तेच; बदलली ती केवळ जागा. कल्याणकारी जनपदाचा आश्रय घ्यावा, हा चरकांचा सल्लाही असाच आहे. मात्र तो निघून जाऊ शकणाऱ्यांच्या कामाचा. सुटलेली खोली दुसऱ्या कुटुंबाला भाड्याने दिली जाते, तेथील भिंतीची ओल आणि रस्त्यावरचा डिझेलचा धूर तसाच राहतो, आणि तो हटवण्याचे काम त्या कुटुंबाचे नसून ज्यांनी तो रस्ता आखला आणि जे त्यावरून आलेला माल वापरतात त्यांचे आहे.