सर्व मनाने स्वीकारलेला धर्म



ईश्वर न मानणाऱ्या बौद्धाने ख्रिस्ती माणसाच्या ईश्वरनिष्ठेचा विचार कशासाठी करावा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. उत्तर सरळ आहे. आपल्या देशातील ख्रिस्ती समाज बव्हंशी धर्मांतरितांचाच समाज आहे. जुना धर्म टाकल्यानंतर नवा धर्म रोजच्या जगण्यात उतरविणे किती अवघड असते, याचा अनुभव त्याच्या पदरी आपल्याहून जुना आहे.

येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारण्यात आले तेव्हा त्याने एकीवर न थांबता दोन सांगितल्या. पहिली ईश्वरावरील अखंड प्रेमाची आणि दुसरी शेजाऱ्यावरील प्रेमाची. शेजारी म्हणजे कोण, या प्रश्नाला त्याने शोमरोनी माणसाची कथा सांगून उत्तर दिले. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहारही ठेवीत नसत. म्हणजे ईश्वरावरील प्रेमाची परीक्षा मंदिरात होत नाही. ज्याला आपण दूर ठेवले त्या माणसापाशी ती होते.

महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी मात्र लगेच धर्म बदलला नाही. पुढे पतीसोबत राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. जात ईश्वराने केली की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला. ती माणसाने केली असे पटताच त्यांनी सोवळे सोडले आणि त्यानंतर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सारे आले आहे. क्रम लक्षात घ्या. आधी चूल बदलली, मग धर्म बदलला. टिळकांनीही १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. निष्ठा म्हणजे काहीतरी सोडणे, हे या दोघांना कळले होते.

परंतु सर्वत्र असे घडले नाही. तमिळनाडूत कित्येक ठिकाणी दलित ख्रिस्त्यांसाठी चर्चमध्ये वेगळी जागा आणि वेगळी दफनभूमी राहिली. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली आपल्या धोरणपत्रात चर्चमध्ये जातिभेद असल्याचे मान्य केले. परमपूज्य बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांविषयी लिहिताना हेच दुखणे दाखविले होते. रविवारी ईश्वराला वाहिलेले मन सोमवारी जातीकडे परत जात असेल, तर ते मन वाहिले असे कसे म्हणावे?

हे वाचून कोणी समाधानाने मान डोलावील, तर त्याने जरा थांबावे. हाच प्रश्न आपल्या घरापुरता विचारा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. आज आपल्या भिंतीवर तथागतांची प्रतिमा आहे. पण कपाटात जुने देव दडले नाहीत ना? मुलीचे लग्न ठरविताना आपण स्थळाची पोटजात विचारत नाही ना? मातंग वा चर्मकार कुटुंबातून धम्मात येऊ पाहणाऱ्याला आपण विहारात पहिल्या रांगेत बसवितो का? पंचशील तोंडाने म्हणणारा घरी दारू पिऊन पत्नीवर हात उगारत असेल, तर त्याने कोणता धर्म स्वीकारला?

काही जण म्हणतील, आपल्याकडे ईश्वरच नाही, मग एवढी निष्ठा कोणावर ठेवायची? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान आहे, ते धम्मात नीतीला आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ख्रिस्ती माणूस चुकला तर ईश्वरापुढे गुडघे टेकून क्षमा मागू शकतो. आपल्याला पाप धुऊन देणारा कोणी नाही. ज्याचे वाईट केले त्याच्याशीच नीट वागून आपल्याला सुधारावे लागते. म्हणून अर्धवट मनाने धर्म पाळण्याची मुभा आपल्याला त्यांच्याहून कमी आहे.

सच्चा ख्रिस्ती आपला दिवस ईश्वराच्या नजरेखाली घालवितो. सच्च्या बौद्धाने तो स्वतःच्या जागृत नजरेखाली घालवावा. पुढच्या वेळी घरात सोयरिकीची बोलणी बसतील, तेव्हा तिथे पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, याकडे लक्ष ठेवा. आपले धर्मांतर किती झाले, ते तिथेच कळेल.