त्यांचा दोष काय होता?

शुभवर्तमान : लूक 13:1-9



जुलै महिना आला की आपल्या पश्चिम उपनगरांतल्या अनेक घरांत एक तारीख मुकाट्याने पाळली जाते. ती तारीख 11 जुलै. 2006 साली त्या दिवशी मंगळवार होता. संध्याकाळी 6 वाजून 24 मिनिटांपासून 6 वाजून 35 मिनिटांपर्यंत, अवघ्या 11 मिनिटांत, चर्चगेटहून निघालेल्या लोकल गाड्यांमध्ये सात बॉम्बस्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही आपल्या रोजच्या येण्याजाण्याची स्टेशने. 180हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, 700हून अधिक जखमी झाली. ती सारी दिवसभर काम करून घरी परतणारी माणसे होती. कोणाच्या बॅगेत रिकामा डबा होता, कोणी मुलांसाठी खाऊ घेतला होता. काही घरांत ती संध्याकाळ पुढे कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून राहिली.

आजच्या शुभवर्तमानात काही लोक प्रभू येशूकडे अशीच एक बातमी घेऊन येतात. गालीलातले काही भाविक मंदिरात बलिदान अर्पण करत असताना पिलाताने त्यांची कत्तल केली होती. सांगणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न दडलेला होता. देवाच्या दारात असे मरण आले म्हणजे त्यांच्या हातून काहीतरी मोठे पाप घडले असणार, नाही का? येशू तो प्रश्न ओळखतो आणि स्वतःहून दुसरी घटना पुढे ठेवतो. सिलोआमचा बुरूज कोसळून 18 जण ठार झाले होते. पहिले मरण माणसाच्या क्रूरपणाने आले होते, दुसरे अपघाताने. दोन्हींबाबत येशूचे उत्तर एकच आहे : ती माणसे तुमच्याहून अधिक दोषी नव्हती. पुढे तो ऐकणाऱ्यांनाच सांगतो की, तुम्ही आपले जीवन बदला.

हे उत्तर आपण नीट ऐकले पाहिजे. कारण अशा वेळी आपणही सहज बोलून जातो : 'त्यांचे नशीब', 'त्यांची वेळ भरली होती', 'मागचे काहीतरी भोग असतील'. त्या संध्याकाळी ज्याची लोकल चुकली तो म्हणतो, देवाने मला वाचवले. कृतज्ञता ही चांगली गोष्ट आहे, ती जरूर असावी. पण ज्याने धावत जाऊन तीच लोकल पकडली, त्याच्यावर देवाचे प्रेम कमी होते काय? त्याची पत्नी कदाचित त्याच वेळी घरात रोझरीला बसली असेल. देवाने कोणाला डब्यात बसवले आणि कोणाला उतरवले, असा हिशेब मांडू नका. प्रभूने तो मांडला नाही. बॉम्ब देवाने ठेवले नव्हते, ते माणसांनी ठेवले होते.

दहशतवादाचे ते एक वर्ष आठवून पाहा. 5 फेब्रुवारी 2006, रविवार. तुर्कस्तानातल्या ट्राबझोन शहरी फादर आंद्रेया सांतोरो चर्चमध्ये प्रार्थना करत असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारणारा 16 वर्षांचा मुलगा होता. 22 फेब्रुवारीला इराकमधल्या समारा शहरात शिया मुसलमानांना पवित्र असलेल्या अल-अस्करी स्थानाचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवण्यात आला आणि त्या देशात सुडाचे थैमान सुरू झाले. 7 मार्चला वाराणसीत संकटमोचन मंदिरात आणि रेल्वे स्टेशनवर बॉम्बस्फोट झाले. 24 एप्रिलला इजिप्तमधल्या दहाब गावी सहलीला आलेली माणसे मारली गेली. 15 जूनला श्रीलंकेत केबितिगोल्लेवा येथे सुरुंगाने प्रवासी बस उडवली, 60हून अधिक माणसे गेली. 11 जुलैला आपल्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, आणि त्याच दिवशी काही तास आधी श्रीनगरमध्ये पर्यटकांवर ग्रेनेड फेकले गेले होते. 8 सप्टेंबरला, ज्या दिवशी आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो आणि मोतमाउलीच्या जत्रेची तयारी चालू असते, त्या दिवशी आपल्याच महाराष्ट्रात मालेगावला शुक्रवारच्या नमाजानंतर स्फोट झाले. शब-ए-बारातचा दिवस होता, लोक कबरस्तानात आपल्या मृतांसाठी प्रार्थना करायला आले होते. 30हून अधिक जण मेले.

ही यादी पूर्ण नाही. पण एवढ्यातही एक गोष्ट दिसते. मरणाऱ्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत. मंदिर, मशिदीचा परिसर, चर्च, बस, रेल्वेचा डबा, सारे आहे. ज्यांना वाटते की दहशतवाद म्हणजे एका धर्माने दुसऱ्यावर केलेला हल्ला, त्यांनी हे एकच वर्ष तारखेवार वाचावे.

मग दहशतवाद म्हणजे नेमके काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला कांट या जर्मन विचारवंताचा एक सिद्धान्त समजावून सांगितला जाई. माणूस हा स्वतःच एक साध्य आहे, त्याला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. दहशतवादी नेमके तेच करतो. डब्यात बसलेला प्रवासी त्याचा वैरी नसतो, त्याचे नावही त्याला ठाऊक नसते. त्याला सरकारला, समाजाला काहीतरी कळवायचे असते आणि त्या निरोपासाठी तो जिवंत माणसाचा कागद करतो. देवाने आपल्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. म्हणूनच त्याचे कारण कितीही न्याय्य असले तरी, आणि तो कोणत्याही धर्माचे नाव घेत असला तरी, ख्रिस्तसभा या मार्गाला कधीही मान्यता देऊ शकत नाही.

बंधुभगिनींनो, आता कठीण भागाकडे वळू. आपल्याला क्षमा करायला सांगितले आहे. पण कोणाला?

लोकल स्फोटांच्या खटल्यात 2015 साली विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली गेली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांच्याविरुद्धचा आरोप सिद्ध करण्यात सरकार पक्ष पूर्णपणे अपयशी ठरला, असे न्यायालयाने म्हटले. त्यातला एक जण निकालापूर्वीच तुरुंगात मरण पावला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितले नाही. मालेगावच्या 2006च्या स्फोटांतही आधी पकडलेल्या मुसलमानांना 2016 साली विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले.

खटल्याच्या गुणदोषांवर बोलण्याचा अधिकार वेदीचा नाही, ते काम न्यायालयाचे आहे. पण त्या निकालाच्या दिवशी दोन प्रकारच्या घरांत काय झाले असेल, याचा विचार आपण केला पाहिजे. एका घरात भिंतीवर फोटो आहे, त्याला हार आहे, आणि इतक्या वर्षांनंतर कोणीतरी येऊन सांगते की हे कोणी केले ते सिद्ध झालेले नाही. दुसऱ्या घरात तरुणपणी गेलेला मुलगा किंवा बाप 19 वर्षांनी पिकल्या केसांनी परत येतो. आपण सहसा एकाच घराचे दुःख पाहतो. प्रभू दोन्ही घरांत जातो.

क्षमा म्हणजे न्यायाची मागणी सोडून देणे नव्हे. महायाजकाच्या घरी एका शिपायाने येशूच्या मुखात मारली, तेव्हा येशूने त्याला विचारले की माझे काय चुकले ते दाखव, नाहीतर मला का मारतोस? प्रश्न विचारणे हा अन्याय सोसणाऱ्याचा हक्क आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर 13 मे 1981 रोजी सेंट पीटर चौकात गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांनी हल्लेखोराला क्षमा केली आणि 1983च्या नाताळानंतर दोन दिवसांनी ते तुरुंगात जाऊन त्याला भेटले. पण त्या भेटीने तुरुंगाचे दार उघडले नाही. त्याची शिक्षा चालू राहिली. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती 2000 साली. याच पोपमहोदयांनी 2002च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात शिकवले की शांती न्याय आणि क्षमा या दोन्हींवर उभी राहते, यातले एक काढले तर दुसरे टिकत नाही.

आणि गुन्हेगार ठाऊकच नसेल तर? क्रूसाकडे पाहा. तेथे येशूने पित्याजवळ क्षमा मागितली तेव्हा कोणाचेही नाव घेतले नाही. पिलात, कैफा, खिळे ठोकणारा शिपाई, यांपैकी कोणाचेही नाही. ज्याचे नाव आपल्याला माहीत नाही त्यालाही देव ओळखतो. त्याचा न्याय देवाच्या हाती सोपवणे आणि त्याच्यासाठी आपल्या मनात विष साठू न देणे, ही क्षमेची सुरुवात आहे. ती एका दिवसात होत नाही. ज्याने आपले माणूस गमावले आहे त्याला इतरांनी 'क्षमा कर' असे बजावूही नये. त्याच्या शेजारी बसावे.

अशी क्षमा शक्य आहे, हे त्याच 2006 सालाने दाखवले. फादर सांतोरो यांच्या आईने मुलाला मारणाऱ्याला मनापासून क्षमा केली. 17 सप्टेंबरला सोमालियाच्या मोगादिशू शहरात सिस्टर लिओनेला स्गोर्बाती यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या तेथे परिचारिकांना शिक्षण देत होत्या. त्यांना वाचवायला पुढे झालेला मोहम्मद महमूद हा मुसलमान रक्षकही त्यांच्याबरोबर मारला गेला. मरताना सिस्टरच्या ओठांवर 'क्षमा करते' हे शब्द होते. 26 मे 2018 रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धन्य म्हणून घोषित केले. एक ख्रिस्ती धर्मभगिनी आणि एक मुसलमान रक्षक यांचे रक्त एकाच जमिनीवर मिसळले, हे आपण विसरू नये. वाराणसीतही संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी लोकांना शांत राहण्याचे आवाहन केले आणि शहर पेटले नाही.

आपल्या मुंबईतही त्या संध्याकाळी रुळांच्या कडेच्या झोपड्यांतून लोक चादरी घेऊन धावले. त्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना रिक्षा-टॅक्सीपर्यंत नेले. कोणी नाव विचारले नाही, जात विचारली नाही. रस्त्याने चालत निघालेल्यांना लोकांनी पाणी आणि बिस्किटे दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पुन्हा धावू लागल्या. याला 'मुंबईचे स्पिरिट' म्हणतात. यात थोडे कौतुक आहे आणि थोडी फसवणूकही आहे, कारण पोट भरायचे असेल तर कामावर जावेच लागते. माझ्या मते खरे स्पिरिट चादरीत होते. अंथरुणातली एकुलती एक चादर रक्ताने भिजणार हे ठाऊक असूनही ती देणाऱ्याच्या हातात होते.

पण ज्या शहराने चादर देताना नाव विचारले नाही, तेच शहर आज घर भाड्याने देताना नाव विचारते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'त्या लोकांना' फ्लॅट द्यायचा नाही असे ठरते आणि आपले ख्रिस्ती सभासद गप्प बसतात, कधी हातही वर करतात. डब्यात दाढीवाला माणूस मोठी बॅग घेऊन चढला की आपण जागा बदलतो. दहशतवाद्याला नेमके हेच हवे असते. बॉम्बचा आवाज काही सेकंदांत विरतो, संशय मात्र वर्षानुवर्षे आपण त्याच्यासाठी फुकट वाहून नेतो. आपणही या देशात संख्येने थोडे आहोत. एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या समाजाकडे बोट दाखवले तर कसे वाटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

येशूने ऐकणाऱ्यांना जीवन बदलायला सांगितले ते याचसाठी. आणि लगेच त्याने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला. तीन वर्षे फळ न देणारे झाड मालक तोडायला निघतो, पण माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. तो नुसती मुदत मागत नाही, भोवती खणून खत घालण्याची जबाबदारी घेतो. वाईट माणसे एका वर्षात केवढे नुकसान करू शकतात ते 2006ने दाखवले. आपल्याला मिळालेल्या वर्षात आपण काय करणार?

या आठवड्यात तीन गोष्टी करू या. आपल्या इमारतीत किंवा चाळीत दुसऱ्या धर्माचे जे कुटुंब राहते, त्यांच्या घरी एकदा जाऊन बसू या. एखाद्या समाजाविषयी विष पेरणारा मेसेज मोबाईलवर आला, तर तो पुढे पाठवायचा नाही. आणि घरातल्या रोझरीत एक दशक दहशतवादाला बळी पडलेल्यांसाठी आणि एक दशक, जड जाईल, पण त्यांना मारणाऱ्यांच्या हृदयपरिवर्तनासाठी अर्पण करू या.

11 जुलै हा संत बेनेडिक्ट यांचाही सणदिवस आहे. त्यांच्या मठांच्या दारावर 'पॅक्स' म्हणजे 'शांती' हा शब्द लिहिलेला आढळतो. तो शब्द आपल्या दारावर नसला तरी चालेल. आपल्या दारात येणाऱ्याला तो मिळाला पाहिजे.

प्रार्थना करू या : हे प्रभो, लोकल गाड्यांत, मंदिरात, कबरस्तानात आणि चर्चमध्ये मारल्या गेलेल्या तुझ्या लेकरांना सार्वकालिक विश्रांती दे. त्यांच्या घरच्यांना धीर आणि न्याय दे. विनाकारण तुरुंगात खितपत पडलेल्यांचे अश्रू पूस. आमच्या मनातला संशय खणून काढ, म्हणजे त्या जागी तुझे फळ धरेल. आमेन.

प्रभूच्या सेवेत तुमचा,
प्रमुख धर्मगुरू