गावकुसाबाहेर कोण?

माउली, इंग्रजीत ‘बियाँड द पेल’ असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्याने सभ्यतेची हद्द ओलांडली की त्याच्याविषयी तो वापरतात. ‘पेल’ म्हणजे जमिनीत रोवलेला खुंट, आणि अशा खुंटांचे कुंपणही. पंधराव्या शतकात आयर्लंडमध्ये इंग्रजांची सत्ता डब्लिनभोवतीच्या पट्ट्यापुरती उरली होती. त्या पट्ट्यालाही हेच नाव पडले. १४९४ साली भरलेल्या पार्लमेंटने त्याच्या सीमेवर चर खणून बांध घालण्याचा कायदा केला. आतले सुधारलेले, बाहेरचे रानटी, असे आतल्यांनीच ठरवले. बाहेरचे म्हणजे कोण? त्याच भूमीचे आयरिश लोक!

आपल्याला हे नवे नाही. आपल्याकडे गावकूस होते. चोखोबाराय त्या कुसाबाहेरचे. परंपरा सांगते, मंगळवेढ्याचे कूस बांधण्याच्या कामावर असतानाच ते कोसळले आणि चोखोबांचा देह त्याखाली पडला. ज्या भिंतीने त्यांना बाहेर ठेवले, ती बांधण्याचे कष्टही त्यांच्याच माथी आले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, महाद्वारासमोर समाधी झाली. पुढे सहाशे वर्षे आपण त्यांचे अभंग गायलो, समाधीवर माथा टेकला. पण त्यांच्या बांधवांना राउळाचे दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मग हद्द कोणी ओलांडली होती? बाहेर उभे राहिलेल्यांनी, की दार लावून आत नाम घेणाऱ्यांनी?

म्हणून मर्यादाच नको, असे नाही. गळ्यातली माळ ही मर्यादाच आहे. पण ती आपण आपल्या गळ्यात घालतो. परनिंदा, परद्रव्य यांपासून ती आपल्याला आवरते. कूस मात्र दुसऱ्याला अडवण्यासाठी असते.

एका वारीत आमच्या पंगतीत दारू प्यालेला एक जण येऊन बसला. मी त्याला उठवले. “पिऊन पंगतीत बसू नये,” एवढे सांगितले असते तर ते योग्य होते. पण मी म्हणालो, “तू आमच्यातला नव्हेस.” तो मुकाट्याने उपाशी निघून गेला. पहिले वाक्य त्याच्या कृत्याविषयी झाले असते. दुसऱ्याने मी कूस बांधले. चूक असेल तिथे चूक म्हणावेच, पण माणसाला परतीची वाट ठेवावी.

यंदा पंढरीस गेलात की चोखोबांच्या समाधीपुढे क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, आज माझ्या कुसाबाहेर कोण उभे आहे? मीही तेच विचारणार आहे.

रामकृष्णहरी!