देवाचा वाटा आधी की शेवटी?



कार्तिकी आटोपून आपण गावी परततो, तेव्हा आपल्या यवतमाळच्या काळ्या मातीत कापसाची वेचणी सुरू असते. पहिल्या वेचणीला आपण सीतादही करतो. शेताला दहीभाताचा नैवेद्य दाखवल्यावाचून बोंडाला हात लावायचा नाही, ही आपली जुनी रीत. म्हणजे पीक घरात येण्याआधीच त्यात दुसऱ्या कुणाचा तरी वाटा आहे, हे आपण कबूल करतो. मग कापूस विकून पैसा हाती आला, की ही कबुली कुठे जाते?

सप्ताहाच्या वर्गणीची वही दारात आली की आपण हिशेब मांडतो. आधी खत-बियाण्याचे, मग किराण्याचे, मग लग्नकार्याचे. उरले तर देवाचे. आणि उरत तर कधीच नाही!

राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतामाईचे मंदिर आहे. शरद जोशींच्या पुढाकाराने त्याचा जीर्णोद्धार झाला. तिथली लोककथा तुम्ही ऐकली असेल. टाकलेली सीतामाई लव-कुशांसाठी गावात मूठभर गहू मागायला गेली. गावाने दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला, की या शिवारात गहू पिकणार नाही. कथा खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवा. गावानेच स्वतःची चूक पिढ्यान्‌पिढ्या सांगत ठेवली, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. त्या दिवशी रावेरीच्या लोकांना वाटले, गहू आमचे आहेत. चूक झाली ती तिथेच.

आपले ख्रिस्ती शेजारी याबाबत एक गोष्ट चांगली करतात. यवतमाळात १९५३ पासून १९८३ पर्यंत त्यांची युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, पुढे ती पुण्याला गेली. त्यामुळे त्यांची रीत आपल्या भागाला अगदी परकी नाही. त्यांच्यात दशमांश काढतात. मिळकत हाती आली की दहावा हिस्सा प्रथम देवासाठी बाजूला, मग घरखर्च. त्यामागचा विचार असा, की माणूस मालक नव्हे, कारभारी आहे. विनोबांनी भूदानात सहावा हिस्सा मागितला, तोही घरातला सहावा मुलगा होऊन, हक्काने.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती लपवून चालणार नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, बोंडअळीने ज्याचे शेत खाल्ले, त्याने देवाचा वाटा आधी कसा काढायचा? आणि वेचणाऱ्या बाईची मजुरी बाकी ठेवून सप्ताहाच्या पंगतीला पैसे दिले, तर ते देवाला पोहोचतात का?

माझे म्हणणे असे. मजुरी ही आपली मिळकत नाहीच. ते तिचे पैसे. घटकाभर आपल्या हाती आले एवढेच. मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा अडवू नये, अशी आज्ञा बायबलमध्येही आहे. दुसऱ्याच्या पैशातून केलेले दान हे दान होत नाही. तुकोबांकडे पाहा. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, पण ती स्वतःच्या वाट्याची. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याच्या हवाली केली. स्वतःचे सोडले, दुसऱ्याचे उधळले नाही.

कर्ज काढून देणगी देणेही तसेच. गाडगेबाबा कीर्तनातून कळवळून सांगत, की कर्ज काढून सणवार करू नका, पोरांना शिकवा. लोकांच्या पैशातून त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहूला धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःच्या हाती खापर आणि खराटाच ठेवला. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने काय द्यावे, याचे उत्तर त्या खराट्यात आहे. मंदिराचा ओटा झाडणे, पंगतीत वाढणे, शेजारच्या विधवेच्या शेतात एक दिवस राबणे, हाही वाटाच आहे. येशूच्या गोष्टीतल्या गरीब विधवेने दोनच नाणी टाकली, तरी त्यांनी तिचे दान सर्वांत मोठे मानले, ते एवढ्याचसाठी.

तेव्हा माउली, यंदा कापसाचे पैसे आले की असे करून पाहा. मजुरी आणि देणे ज्याचे त्याला द्या. जे खरोखर तुमचे उरेल, त्यातून घरखर्चाआधी देवाचा वाटा काढा, मग तो दहावा असो की शंभरावा. आणि उरलेले सगळे माझे, असेही म्हणू नका. त्याचाही हिशेब त्यालाच द्यायचा आहे.

आपला पांडुरंग कटेवर हात ठेवून उभा आहे, तो कुणापुढे हात पसरत नाही. दारात हात पसरून येते ती सीतामाई. तिला ओळखायला आपण चुकू नये, एवढेच मागणे.

रामकृष्णहरी!